ज्यांनी बंदी भोगली त्यांनी बंदी मागू नये

आमच्याकडच्या दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरून फिरून येतो आहे. इटलीने प्रयोगशाळेतल्या मांसावर बंदी घातली, अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी घातली, मग भारत सरकार कशाची वाट बघतंय? खाली बिरादरीच्या नावाने आवाहन असतं की आपल्या आमदार-खासदारांकडे ही मागणी करा, नाहीतर कुरेशी भावांची उरलीसुरली रोजी-रोटीही जाईल. पुढे पाठवणारे लोक चांगले आहेत. काही माझे जुने विद्यार्थी आहेत, काही सहकारी आहेत. त्यांची काळजी खोटी नाही. पण मागणी चुकीची आहे, आणि आपल्यासाठी धोकादायकही आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्या समाजाने महाराष्ट्रात खाण्यावरची बंदी गेली दहा वर्षं अंगावर झेलली, त्याने दुसऱ्याच्या ताटावर बंदी घाला असं सरकारला सांगायला जाऊ नये. हे तत्त्व म्हणून खरं आहे. आणि तत्त्व बाजूला ठेवून फक्त स्वार्थ बघितला तरी खरं आहे.

ही वस्तू काय आहे ते आधी समजून घेऊ, कारण फिरणाऱ्या मजकुरात तिला कधी 'प्लास्टिकचं मांस' म्हटलेलं असतं, कधी 'किड्यांचं मांस'. ते दोन्ही नाही. जिवंत किंवा जबह केलेल्या जनावराच्या शरीरातून थोड्या पेशी घेतात. साखर, क्षार, प्रथिनं असलेल्या द्रवात, पोलादी टाकीत, ठरावीक तापमानाला त्या वाढवतात. पेशी दुप्पट, चौपट होत जातात आणि शेवटी खिम्यासारखा गोळा तयार होतो. नेदरलँड्समधले शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये लंडनमध्ये असा पहिला बर्गर लोकांसमोर शिजवून दाखवला. त्या एका बर्गरचा खर्च अडीच लाख युरोच्या घरात होता. डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरने अशा कोंबडीच्या मांसाला विक्रीची परवानगी दिली, जगात सर्वांत आधी. जून २०२३ मध्ये अमेरिकेने दोन कंपन्यांना परवानगी दिली. म्हणजे दहा-बारा वर्षांच्या गाजावाजानंतरही ही वस्तू जगातल्या मोजक्या दुकानांत आणि हॉटेलांत मिळते, तीही महाग. जळगावच्या सुभाष चौकात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर ती उद्या येणार नाही, परवाही येणार नाही.

मग बंदी कशाची घातली? इटलीच्या संसदेने नोव्हेंबर २०२३ मध्ये कायदा केला. उत्पादन किंवा विक्री केली तर ६० हजार युरोपर्यंत दंड. गंमत अशी की त्या दिवशी संपूर्ण युरोपीय संघात असं मांस विकायला एकालाही परवानगी मिळालेली नव्हती. बाजारात नसलेल्या मालावर बंदी! मागे जोर होता कोल्दिरेत्ती या तिथल्या बलाढ्य शेतकरी संघटनेचा, आणि भाषणांत होती इटलीची संस्कृती, परंपरा, आईच्या हातचं जेवण. मे २०२४ मध्ये फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी सही केली. जगातल्या बड्या लोकांचा हा कट आहे, आम्ही आमच्या पशुपालकांना वाचवतो आहोत, असा त्यांचा सूर होता. पाठोपाठ अलाबामा आलं. २०२५ मध्ये मिसिसिपी, मोंटाना, नेब्रास्का आले. टेक्सासने सप्टेंबर २०२५ पासून दोन वर्षांची बंदी लावली.

यात एक गोष्ट आपल्या ग्रुपवर कुणी सांगत नाही. नेब्रास्कात या बंदीला विरोध करणाऱ्यांत काही गोपालक स्वतः होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. पाकिटावर काय आहे ते स्पष्ट लिहायला लावा, बाकी आमचं आम्ही बघून घेऊ. आमचा माल चांगला आहे, आम्हाला सरकारच्या पदराआड लपायची गरज नाही. ज्यांच्या नावाने बंदी घातली, त्यांच्यातल्याच लोकांना ती नको होती.

'शेतकऱ्याच्या हितासाठी', 'आपल्या संस्कृतीसाठी'. ही भाषा कुठे ऐकल्यासारखी वाटते का? आपण ती महाराष्ट्रात ऐकली आहे. ती आपल्यावरच चालवली गेली आहे.

१९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी होती. बैल आणि वळू मात्र पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला घेऊन कापता येत. १९५८ मध्ये हनीफ कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच तोल मान्य केला होता. गाईवरची बंदी योग्य, पण कामातून गेलेल्या बैल-म्हशींवर सरसकट बंदी घालणं कसायाच्या धंद्यावर अवाजवी घाला आहे, असं ते म्हणालं. १९९५ मध्ये युती सरकारने बैल आणि वळूवरही बंदी घालणारं दुरुस्ती विधेयक आणलं. ते जवळपास वीस वर्षं राष्ट्रपतींच्या संमतीविना पडून राहिलं. दरम्यान २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी, एक विरुद्ध सहा अशा बहुमताने, १९५८ ची भूमिका बदलली. बैल म्हातारा झाला तरी शेण-मूत्र देतो, म्हणून तो निरुपयोगी नसतो, असा त्यातला एक युक्तिवाद होता. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्राची दुरुस्ती लागू झाली. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड.

तेव्हाही कारण शेतकऱ्याचंच होतं. मग शेतकऱ्याचं काय झालं? खान्देशात कापूस पिकवणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा. बैल ही त्याची बचत ठेव असते. पोळ्याला तो बैलाला सजवतो, पुरणपोळीचा घास भरवतो, त्यात खोटं काही नाही. पण दहा-बारा वर्षांनी बैल थकला की तो बाजारात न्यायचा, आलेल्या पैशांत थोडी भर घालून गोऱ्हा घ्यायचा, हे चक्र पिढ्यान् पिढ्या चालू होतं. त्या चक्राच्या एका टोकाला कुरेशी उभा होता. कायद्याने ते टोक कापलं. थकलेल्या बैलाची किंमत कोसळली, कडबा-पेंडीचा खर्च मात्र तोच राहिला. शेतकऱ्याने काय केलं? दुष्काळ आला की त्याने दावं सोडून दिलं. पुढच्या वेळी त्याने बैलाऐवजी ट्रॅक्टर भाड्याने घेतला. बैल वाचवायच्या कायद्याने गावातून बैल कमी करायलाच हातभार लावला.

हे सांगायला मुसलमान असावं लागत नाही. २०२५ च्या पावसाळ्यात राज्यातल्या कुरेशी समाजाने ठरवलं की आता जनावरांची खरेदीच बंद. कारण कायद्याने मुभा असलेल्या म्हशी नेतानाही गाड्या अडवल्या जात होत्या, माणसं मारली जात होती, जनावरं हिसकावून घेतली जात होती. काही आठवड्यांतच गुरांचे बाजार ओस पडले, आणि ओरड कुणी केली? शेतकऱ्यांनी. सत्ताधारी बाजूचे आमदार असलेले सदाभाऊ खोत गोरक्षकांच्या त्रासाविरुद्ध उघड बोलले. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी कुरेशी प्रतिनिधींची बैठक घेतली. गाड्या तपासायचा अधिकार पोलिसांचा आहे, खासगी माणसांचा नाही, हे त्यांना सांगावं लागलं. कुरेशी आणि कुणबी एकाच दोराची दोन टोकं आहेत, हे त्या दोन महिन्यांत जेवढं दिसलं तेवढं दहा वर्षांच्या भाषणांत दिसलं नव्हतं.

म्हणून मला वाईट वाटतं. ज्या समाजाने नुकतंच हे दाखवून दिलं, त्याच्याच ग्रुपवर आता 'शेतकऱ्याच्या आणि आपल्या हितासाठी बंदी घाला' असा मजकूर फिरतो. हत्यार तेच आहे. फरक एवढाच की या वेळी मूठ आपल्या हातात आहे असं आपल्याला वाटतं. ती आपल्या हातात नाही. कधीच नव्हती.

हे मी उगाच म्हणत नाही. बंदी झाली तर ती प्रत्यक्षात कशी राबवली जाईल, ते डोळ्यासमोर आणा.

ऑगस्ट २०२४ मध्ये धुळ्याहून मुंबईला जाणाऱ्या एक्स्प्रेसमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या एका सत्तरी ओलांडलेल्या बुजुर्गाला इगतपुरीजवळ बेदम मारहाण झाली. ते कल्याणला लेकीकडे निघाले होते, सोबत बरणीत मांस होतं. म्हशीचं आहे असं ते सांगत राहिले. मारणाऱ्यांनी स्वतःच चित्रीकरण केलं, ते देशभर पाहिलं गेलं. पकडले गेलेले तरुण धुळ्याचे होते, पोलीस भरतीच्या परीक्षेला निघालेले. डब्यात बसलेल्या त्या पोरांना बरणीतलं मांस म्हशीचं की गाईचं हे कसं कळणार होतं? कळण्याची गरजच नव्हती. माणूस कोण आहे ते दिसत होतं, तेवढं पुरेसं होतं.

आता यात प्रयोगशाळेतलं मांस घाला. गाईच्या पेशींपासून वाढवलेल्या मांसात गाईचाच डीएनए असतो. जप्त केलेलं मांस पोलीस तपासणीला पाठवतात, तिथे डीएनए बघून जनावर कोणतं ते ठरवतात. या मांसाचा अहवाल काय येईल? गाय. कुणाची कत्तल झाली नाही, गाय गोठ्यात उभी राहून रवंथ करते आहे, तरी अहवाल 'गाय' असाच येईल. आणि म्हशीच्या पेशींपासून वाढवलेलं मांस? त्याचा अहवाल 'म्हैस'. म्हणजे टाकीतलं की खाटकाकडचं, हे डीएनए चाचणीतून कळणार नाही. अशा वस्तूवर बंदी घातली तर पोलिसाच्या हातात, आणि पोलिसाच्या आधी रस्त्यावरच्या टोळक्याच्या हातात, काय पडतं? एक नवा संशय. आजवर प्रश्न होता, 'हे गाईचं तर नाही?' त्यात भर पडेल, 'हे टाकीतलं तर नाही?' म्हशीच्या कायदेशीर मांसावरही संशय घ्यायला एक नवीन निमित्त मिळेल. डबा कुणाचा उघडला जाईल, हे मी लिहायला हवं का?

२०१६ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. एस. सी. गुप्ते यांच्या खंडपीठाने बैलांच्या कत्तलीवरची बंदी कायम ठेवली, पण दोन तरतुदी रद्द केल्या. एक, राज्याबाहेर कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचं मांस घरात बाळगणं गुन्हा ठरवणारी. दोन, मी निर्दोष आहे हे आरोपीनेच सिद्ध करावं अशी. न्यायालयाने आधार घेतला खासगीपणाच्या हक्काचा. माणूस आपल्या घरात काय खातो यात सरकारने नाक खुपसू नये, असा त्याचा अर्थ. त्याआधी २००८ मध्ये अहमदाबादच्या पर्युषण काळातल्या कत्तलखाने-बंदीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नऊ दिवसांची बंदी चालू दिली, पण तेव्हाही माणसाने काय खावं ही त्याची खासगी बाब आहे, असं म्हटलं होतं. इतक्या वर्षांच्या कोर्टकचेरीतून आपल्या हाती जी एक भिंत लागली, ती हीच आहे. घर माझं, ताट माझं. नव्या बंदीची मागणी करून आपण त्या भिंतीच्या विटा स्वतःच काढायला निघालो आहोत. कारण भिंत अर्धी ठेवता येत नाही. ताटात काय असावं हे सरकार ठरवू शकतं असं आपण एकदा म्हटलं, की पुढच्या वेळी कोर्टात आपला वकील कोणत्या तोंडाने उभा राहणार?

आता आपल्या लोकांचे तीन युक्तिवाद घेतो.

पहिला युक्तिवाद दीनचा. हे मांस हराम आहे, म्हणून बंदी हवी. हराम आहे का, हा प्रश्न आलिमांचा आहे आणि ते त्यावर विचार करत आहेत. सिंगापूरच्या इस्लामी परिषदेच्या, म्हणजे मुईसच्या, फतवा समितीने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं की अशा मांसाला हलाल म्हणता येईल, पण अटी आहेत. पेशी हलाल जनावराच्या असाव्यात आणि तयार मालातले घटक हलाल असावेत. हा शेवटचा मुद्दा मोठा आहे. सुरुवातीच्या काळात या पेशी वाढवायला गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून काढलेलं सीरम वापरत. रक्त हराम आहे हे मदरशातल्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून कुणी आलिम 'थांबा' म्हणत असेल तर मला ते पटतं. खाऊ नका. पण 'खाऊ नका' आणि 'कुणालाच विकू देऊ नका' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डुकराचं मांस आपल्याला हराम आहे. त्यावर सरकारने बंदी घालावी असं आपण कधी म्हटलं का? नाही. आपण खात नाही, विषय संपला. आणि हराम-हलाल ठरवायला सरकारला बोलावणं किती महाग पडतं ते उत्तर प्रदेशात बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सरकारने हलाल प्रमाणपत्र असलेल्या मालाच्या विक्रीवरच बंदी घातली. शरीयतचा दाखला देऊन आज सरकारकडे बंदी मागाल, तर सरकार उद्या शरीयतच्या कामात हात घालणारच. दार आपणच उघडून दिलेलं असेल.

दुसरा युक्तिवाद तब्येतीचा. हे खाऊन रोग होतील. होतील की नाही हे तपासूनच कळेल, आणि तपासायची व्यवस्था आपल्याकडे आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१७ चे नियम सांगतात की जो पदार्थ ठरलेल्या मानकांत बसत नाही, त्याला विक्रीआधी परवानगी घ्यावी लागेल. म्हणजे दारावर पहारेकरी आधीच बसलेला आहे. पुरावे मागा, चाचण्या मागा, त्या लोकांसमोर ठेवायला सांगा. अपायकारक ठरलं तर तिथेच अडवा. कुणी विचारेल, मग सर तुम्ही दारूबंदीलाही विरोध करणार का? दारूने संसार उद्ध्वस्त होतात हे रोज दिसतं, त्याला पुरावा आहे. आणि तिथेही बंदीचा अनुभव बघा. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली, २०२१ मध्ये सरकारने ती उठवली, कारण चोरटी दारू भरमसाट वाढली होती. जिथे नुकसान सिद्ध झालेलं आहे तिथेही बंदी टिकवणं इतकं अवघड, तर जिथे वस्तूच अजून बाजारात नाही तिथे बंदी म्हणजे नुसती आरोळी.

तिसरा युक्तिवाद रोजी-रोटीचा, आणि तोच सर्वांत वजनदार आहे. माझ्या वर्गात कुरेशी घरांतली मुलं असतात. मराठीच्या तासाला 'कसायाला गाय धार्जिणी' ही म्हण शिकवताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस होत नाही. 'कसाई' हा मुळात अरबी 'कस्साब', म्हणजे मांस कापणारा. एका धंद्याचं नाव. मराठीने त्याची शिवी केली. त्या मुलांचे बाप पहाटे तीनला उठतात, दुपारपर्यंत दुकान, संध्याकाळी उधारीची वसुली. त्यांच्या पोटावर येणारी कोणतीही गोष्ट मला हलकी वाटत नाही.

पण प्रामाणिकपणे बोलू या. गेल्या दहा वर्षांत या धंद्याचं कंबरडं कुणी मोडलं? टाकीतल्या मांसाने? २०१५ च्या कायद्याने मोडलं. रस्त्यावरच्या टोळ्यांनी मोडलं. मे २०२५ मध्ये बकरी ईदच्या तोंडावर गोसेवा आयोगाने बाजार समित्यांना पत्र पाठवलं की ३ ते ८ जून गुरांचे बाजारच भरवू नका, तसल्या पत्रांनी मोडलं. विरोध झाल्यावर ते मागे घ्यावं लागलं, पण तोवर कितीतरी सौदे मोडले असतील. जो शत्रू समोर उभा आहे त्याच्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही आणि जो सातासमुद्रापार टाकीत आहे त्याच्यावर बंदी मागायची, ही कसली तहरीक? हे सोपं आहे म्हणून केलं जातं. या मागणीमुळे कुणी अंगावर येणार नाही. उलट सत्ताधारी टाळ्या वाजवतील.

आणि समजा, पन्नास वर्षांनी ते मांस स्वस्त झालं. बंदीने धंदा वाचेल का? याचं उत्तर धुळे-मालेगावच्या आपल्याच मोहल्ल्यांत आहे. आपले मोमीन विणकर हातमागावर बसायचे. यंत्रमाग आले. हातमाग वाचवायला केंद्र सरकारने १९८५ मध्ये कायदा केला. साड्या, धोतरं, टॉवेल अशी बावीस प्रकारची वस्त्रं हातमागासाठी राखीव, यंत्रमागावर विणायला बंदी. हातमाग वाचला का? यंत्रमाग तीच कापडं विणत राहिला, कायदा कागदावर राहिला, राखीव यादीही पुढे निम्म्यावर आली. आणि यंत्रमाग चालवणारे कोण होते? त्याच विणकरांची पोरं. ज्यांना कर्ज मिळालं, वीज मिळाली, जागा मिळाली, ते तरले. ज्यांना फक्त बंदीचा आधार होता ते गेले.

म्हणून कुरेशी समाजासाठी मागायचंच असेल तर हे मागा. जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव इथे पालिकेचे स्वच्छ, पाणी-वीज-पशुवैद्य असलेले कत्तलखाने. परवाना मागितला की ठरलेल्या मुदतीत परवाना. म्हशींच्या वाहतुकीचे कागद तपासल्यावर गाडी अडवणाऱ्यावर गुन्हा. शीतगृहासाठी कर्ज. नव्या पिढीला मांस-प्रक्रियेचं शिक्षण. २०१५ नंतर ज्यांचा धंदा कायद्याने काढून घेतला त्यांना भरपाई. ती तर आजवर कुणी नीट मागितलीसुद्धा नाही. या मागण्या अवघड आहेत, त्यांना विरोध होईल. पण यातली एकही पूर्ण झाली तर एखाद्या घरात चूल पेटेल. टाकीतल्या मांसावरच्या बंदीने एकही चूल पेटणार नाही.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द, कारण हा लेख फक्त आपल्या लोकांना खडसावण्यासाठी नाही. या मांसाचं कौतुक करणाऱ्यांत प्राणीप्रेमी आहेत, मेनका गांधींसारखे नेते आहेत. २०१९ मध्ये मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने, जिला आपण आयसीटी म्हणतो, महाराष्ट्रातच यासाठी संशोधन केंद्र उभारण्याचा करार केला होता. हैदराबादच्या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्राला केंद्र सरकारचा निधीही मिळाला. संशोधन जरूर करा. जनावर न मारता मांस मिळालं तर त्यात मला वाईट काहीच दिसत नाही. पण यातले काही जण पुढचं वाक्य मनात ठेवून बसले आहेत, 'आता पर्याय आहे ना, मग खरं मांस बंद करा.' त्यांना माझं सांगणं तेच आहे जे मी मोहल्ल्यात सांगतो. तुम्ही टाकीतलं खा, मला खाटकाकडचं खाऊ द्या, शेजाऱ्याला शेवभाजी खाऊ द्या. तुमच्या ताटावर बंदी यावी असं मी म्हणणार नाही, माझ्या ताटावरही तुम्ही म्हणू नका.

हे भय काल्पनिक नाही. १५ ऑगस्ट २०२५ ला कल्याण-डोंबिवली, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मालेगाव अशा महापालिकांनी कत्तलखाने आणि मांसाची दुकानं बंद ठेवायला सांगितलं. स्वातंत्र्यदिनी! आगरी-कोळ्यांपासून मराठ्यांपर्यंत सगळ्यांनी आवाज उठवला, अजित पवारांनीही अशी बंदी योग्य नाही म्हटलं. मुख्यमंत्री फडणवीसांनी सांगितलं की हा निर्णय १९८८ चा आहे, कुणी काय खावं यात सरकारला रस नाही. चांगली गोष्ट आहे. पण बघा, १९८८ चा एक कागद सदतीस वर्षांनी उठून दुकानाला कुलूप लावू शकतो. आज आपण मागून घेतलेला बंदीचा कागद २०६० साली कुणाच्या दुकानाला कुलूप लावेल, हे आज कुणाला ठाऊक आहे?

मग सरकारने काय करावं? चार कामं. विक्रीआधी कसून तपासणी. पाकिटावर मोठ्या अक्षरात, मराठीत, की हे पेशींपासून वाढवलेलं मांस आहे आणि पेशी कोणत्या जनावराच्या आहेत. द्रवात काय वापरलं त्याची नोंद, म्हणजे ज्याला हलाल बघायचं तो हलाल बघेल, जैन आपलं बघेल, ज्याला ॲलर्जी आहे तो आपलं बघेल. आणि मटण म्हणून हे मांस खपवणाऱ्या हॉटेलवाल्याला दंड. फसवणूक अडवणं सरकारचं काम आहे. निवड करणं माझं.

मी स्वतः ते खाईन का? बहुधा नाही. काळ्या मसाल्यातलं बकऱ्याचं मटण आणि कळण्याची भाकरी यावर माझं भागतं. पण माझ्या जिभेची आवड हा कायदा होऊ शकत नाही. तशी दुसऱ्याच्या जिभेची आवड माझ्यासाठी कायदा होऊ नये, एवढंच तर आपण २०१५ पासून ओरडून सांगतो आहोत.

तेव्हा तो मजकूर आपल्या मोबाइलवर आला तर पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याला प्रेमाने विचारा, 'भाईजान, गेल्या वर्षी बाजार बंद होता तेव्हा तुम्ही कोणत्या हक्काच्या नावाने बोलत होतात?' त्याने खाण्याच्या आणि धंद्याच्या हक्काचं नाव घेतलं, की म्हणा, तोच हक्क या मजकुराने मोडतो. आणि सह्याच गोळा करायच्या असतील तर महापालिकेच्या कत्तलखान्यासाठी करा. त्या कागदावर पहिली सही माझी घ्या.